पायाखालचा वाद्यवृंद

टोरंटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये सप्टेंबर १९८४ मध्ये रश या कॅनेडियन बँडची एक मैफल चित्रित झाली. तिच्यात ‘रेड सेक्टर ए’ हे गाणे येते तेव्हा गेडी ली बास गिटार वाजवतच नाही. ज्या वाद्यासाठी तो जगभर नावाजला गेला ते बाजूला ठेवून तो कीबोर्डच्या पट्ट्यांवर दोन्ही हात टेकवून उभा असतो आणि गात असतो. एका बाजूला गिटारवर ॲलेक्स लाइफसन, मागे ड्रमच्या गराड्यात नील पीअर्ट. चौथा वादक रंगमंचावर नाही. तरी कानावर जे येते ते तिघांचे वाटत नाही. खाली खर्जाचा जाड थर आहे, मध्ये धडधडत राहणारी सुरांची साखळी आहे, वर गार वाऱ्यासारखा पसरलेला स्वरमेळ आहे आणि त्या सगळ्यातून गिटार वाट काढते आहे. नुसती ध्वनिफीत ऐकणारा म्हणेल, यंत्रांनी केलेले काम दिसते. मैफल डोळ्यांनी पाहणाऱ्याला मात्र तीन माणसे अक्षरशः हातापायांनी राबताना दिसतात. ऐकणे आणि पाहणे यांतला हा फरक या लेखाचा विषय आहे. रशच्या ज्या काळावर सर्वांत जास्त टीका झाली, त्या काळाचा निवाडा बहुतेकांनी अल्बम ऐकून केला. तो मैफलींचे व्हिडिओ पाहून करायला हवा होता असे मला ठामपणे वाटते.

रशची सुरुवात १९६८ मध्ये टोरंटोत झाली. लाइफसन आणि ली शाळेपासूनचे मित्र. दोघांचेही आईवडील युद्धानंतर युरोपातून कॅनडात आलेले. पहिला अल्बम १९७४ मध्ये निघाला आणि त्याच वर्षी जुलैत पीअर्ट ड्रमवर आला. तिथून २०१५ पर्यंत हे त्रिकूट बदलले नाही, आणि रॉक संगीतात एवढी टिकलेली संगत क्वचितच सापडते. पीअर्ट ड्रम वाजवायचाच, शिवाय बहुतेक सगळ्या गाण्यांचे शब्दही त्याचे असत. सत्तरच्या दशकात हा बँड लांबलचक, गुंतागुंतीच्या, गिटारने भारलेल्या रचनांसाठी ओळखला गेला. १९७६ च्या ‘२११२’ची एक अख्खी बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच कथा आहे. १९८२ मध्ये ‘सिग्नल्स’ आला आणि पुढच्या पाच वर्षांत ‘ग्रेस अंडर प्रेशर’, ‘पॉवर विंडोज’ आणि ‘होल्ड युअर फायर’. या चार अल्बममध्ये सिंथेसायझर पाहुण्यासारखा येऊन थेट घरमालक झाला. जुने चाहते दुखावले. आमचा बँड गिटारचा होता, तो बटणांचा झाला, अशी ती तक्रार. तिच्यात तीन वेगवेगळे आरोप मिसळलेले आहेत. यंत्रामुळे वादकाचे कसब लोपले, गिटार दबली, आणि हे सगळे काळाची फॅशन पाहून केले. तिन्हींना काही ना काही आधार आहे, म्हणून तिन्ही नीट तपासायला हवेत.

आधी मूळ कारण पाहू, कारण बाकीचे सगळे त्यातून फुटले आहे. तीन माणसांच्या बँडची एक जन्मजात अडचण असते. गिटारवाला एकल वादन सुरू करतो त्या क्षणी मागचा स्वरमेळ धरायला कोणी उरत नाही. अल्बम करताना एकावर एक थर चढवता येतात, मैफलीत ती सोय नाही. ‘२११२’च्या आरंभी जो सिंथेसायझर ऐकू येतो तो बँडमधल्या कोणीच वाजवलेला नाही. त्यांच्या अल्बमची मुखपृष्ठे करणाऱ्या ह्यू साइम या चित्रकाराने तो वाजवला होता. अशा जागी बहुतेक बँड चौथा माणूस घेतात, आणि कीबोर्डवाला दौऱ्यावर नेण्यात काही अप्रतिष्ठाही नाही. रशने तो घेतला नाही. मंचावर तिघेच असतील आणि अल्बममध्ये जे ऐकू आले ते शक्य तितके हे तिघेच वाजवतील, असा त्यांचा अलिखित नियम होता. दोन हात गिटारवर अडकलेले, तोंड गाण्यात गुंतलेले, मग मोकळे राहिले पाय. १९७७ च्या सुमारास मूग कंपनीचे टॉरस नावाचे वाद्य लीच्या पायाशी आले. तेरा मोठ्या पट्ट्यांचे हे वाद्य पायाने दाबायचे आणि त्यातून इमारत हलेल असा खर्ज निघायचा. आपल्याकडच्या पायपेटीत पाय भात्याला हवा पुरवतो आणि सूर बोटांनीच लागतो. इथे सूरच पायाने लावायचा. त्याच्या जोडीला मिनीमूग आला. या सिंथेसायझरमध्ये विद्युत लहरीपासून सूर तयार होतो, गाळणीसारख्या एका मंडलातून तो कमीजास्त धारदार करता येतो, पण बासरीप्रमाणे एका वेळी एकच सूर निघतो. १९७९ मध्ये ओबरहाइम कंपनीचा ओबी-एक्स बाजारात आला. तो एका वेळी अनेक सूर लावू शकत होता, म्हणजे पूर्ण स्वरमेळ धरू शकत होता. ‘टॉम सॉयर’ हे गाणे सुरू होताच जी गुरगुर खाली उतरत जाते, ती याच वाद्याची. थोडक्यात, सिंथेसायझर या बँडमध्ये शिरला तो चौथ्या माणसाच्या जागेवर. ती जागा दुसऱ्या कोणाला द्यायची नव्हती, म्हणून ती तिघांनी आपल्याच अंगावर घेतली.

हे नुसते तर्काने सांगायची गरज नाही, ते पाहता येते. १९८१ च्या मार्चमध्ये मॉन्ट्रिऑलला चित्रित झालेल्या ‘एक्झिट... स्टेज लेफ्ट’ या व्हिडिओत ‘झनाडू’ हे गाणे आहे. ली आणि लाइफसन दोघांच्याही गळ्यात दुहेरी मानेच्या गिटारी आहेत. लीच्या वाद्यात एक मान बासची आणि दुसरी गिटारची, लाइफसनच्या वाद्यात एक बारा तारांची आणि दुसरी सहा तारांची. पीअर्टसमोर ड्रमशिवाय घंटा आणि नळ्या टांगलेल्या. ली गाता गाता मानेवरचा हात काढून सिंथेसायझरवर नेतो, परत आणतो, आणि खाली पाय पट्ट्या शोधत असतो. ‘टॉम सॉयर’मध्ये मधल्या भागात सात मात्रांची एक फिरती ओळ मिनीमूगवर येते. ती वाजवताना बास गळ्यातच लोंबत असते, आणि ओळ संपता संपता हात पुन्हा तारांवर. हा बदल अर्ध्या क्षणाचा असतो. तो चुकला तर झाकायला दुसरा कोणी नाही, आणि गाणे तिथेच लंगडे पडेल. हे १९८१ मधले दृश्य आहे, म्हणजे ज्या काळाला जुने चाहते सोन्याचा काळ म्हणतात त्यातले. पुढच्या सहा वर्षांत जे वाढत गेले त्याचे मूळ इथेच स्पष्ट दिसते, आणि ‘सिग्नल्स’पासून बँडने अचानक कूस बदलली हे म्हणणे त्यामुळेच टिकत नाही.

तरीही ‘सिग्नल्स’मध्ये काही तरी खरोखर बदलले, हे मान्य केलेच पाहिजे. ‘सबडिव्हिजन्स’चा आरंभच कीबोर्डवर आहे. सात मात्रांचा तो तुकडा गाण्याचा कणा आहे आणि गिटार त्याला टेकून चालते. १९७५ पासून प्रत्येक अल्बमला निर्माता म्हणून सोबत असलेला टेरी ब्राउन या अल्बमनंतर वेगळा झाला. बँडला जायचे होते ती दिशा आणि त्याला रुचणारी दिशा एक राहिली नव्हती. फॅशनच्या मागे धावल्याचा आरोप इथूनच सुरू होतो. त्याला उत्तर आकड्यांत आहे. १९८१ चा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ हा अल्बम अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला होता. खपाची भूक असलेल्या कोणाही माणसाने तोच साचा पुन्हा वापरला असता. ‘सिग्नल्स’मधले ‘न्यू वर्ल्ड मॅन’ अमेरिकेत एकविसाव्या क्रमांकावर पोहोचले, आणि पहिल्या चाळिसात गेलेले त्यांचे तेवढे एकच गाणे. पुढचे तीनही अल्बम ‘मूव्हिंग पिक्चर्स’च्या क्रमांकाला पोहोचले नाहीत, आणि कीबोर्डने सर्वांत भरलेल्या ‘होल्ड युअर फायर’ला अमेरिकेत प्लॅटिनम मिळाले नाही, गोल्डवर समाधान मानावे लागले. ज्या वाटेने खप कमी होतो आहे त्या वाटेने पाच वर्षे चालत राहणाऱ्याला फॅशनचा गुलाम म्हणता येत नाही. त्या काळच्या इतर संगीताचा परिणाम त्यांच्यावर झाला हे खरे, पण आपल्या काळाचे काहीच कानात न शिरलेला संगीतकार कोणाला हवा असतो?

आता सर्वांत वजनदार आरोप. १९८३ मध्ये मिडी नावाची पद्धत आली. निरनिराळ्या कंपन्यांची विद्युत वाद्ये तारेने जोडली की ती एकमेकांची भाषा समजू लागली. एका वाद्यावरची पट्टी दाबली की दुसऱ्यातून आवाज निघू लागला. त्याच सुमारास सॅम्पलर स्वस्त झाले. सॅम्पलर म्हणजे कोणताही खरा आवाज, व्हायोलिनचा ताफा असो की माणसांचे समूहगान, अंकांच्या रूपात साठवून पट्टीवर आणणारे यंत्र. ‘पॉवर विंडोज’मधल्या ‘मॅरेथॉन’साठी इंग्लंडमध्ये वाद्यवृंद आणि गायकवृंद ध्वनिमुद्रित केला गेला होता. व्हायोलिनच्या रचना ॲन डडलीच्या होत्या, तर सिंथेसायझरच्या कामात अँडी रिचर्ड्सचा हात होता. मैफलीत त्यांतले कोणीच नव्हते. ‘टाइम स्टँड स्टिल’मधला बाईचा आवाज एमी मॅनचा, तीही मंचावर नव्हती. तिचा साठवलेला आवाज पट्टी दाबून आणला जाई. मग आक्षेप असा, की साठवलेला आवाज पायाने सोडणे हे वादन कसे? त्यापेक्षा टेप लावलेली काय वाईट? फरक फार मोठा आहे, आणि तो १९८८ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला चित्रित झालेल्या ‘अ शो ऑफ हँड्स’मध्ये दिसतो. टेप एकदा सुरू झाली की वादकांनी तिच्या मागून चालायचे. इथे प्रत्येक तुकडा कोणाच्या तरी हाताने किंवा पायाने त्या त्या मात्रेवर सोडावा लागतो. समूहगानाचा एक तुकडा पाव मात्रा उशिरा सुटला तर वरचे गाणे आणि खालचे ड्रम दोघेही उघडे पडतात. ली एक तुकडा सोडतो, दुसरा लाइफसन गिटार वाजवता वाजवता पायाने सोडतो, तिसरा पीअर्ट काठीने. कामाची ही वाटणी कोणत्याही संगीतरचनेइतकी बारकाईने बसवलेली आहे. त्यात सुरेल व्हायोलिन वाजवण्याचे कसब नाही, हे कबूल. वेगळे कसब आहे, ताफ्यातला एखादा घंटावादक शंभर मात्रा मोजून एकदाच टोला देतो त्या जातीचे. त्याच्याही कामाला आपण वादनच म्हणतो. काही गाण्यांत यंत्राची आपोआप फिरणारी सुरांची माळ आहे, ‘रेड सेक्टर ए’मध्येही ती आहे, आणि तिथे ड्रमवाल्याला यंत्राच्या लयीला बांधून घ्यावे लागते. एवढ्यापुरते टीकाकार बरोबर आहेत. पण पीअर्ट त्या बांधलेल्या लयीत जे भरतो ते ऐकले, की यंत्राने त्याचे काही हिरावून घेतले असे म्हणवत नाही. १९८४ पासून तो मागच्या बाजूला सिमन्सच्या विद्युत ड्रमचा दुसरा संच मांडू लागला. गाणे बदलले की तो आसनावरच वळून प्रेक्षकांकडे पाठ करायचा आणि दुसऱ्या आवाजाच्या जगात जायचा.

गिटार दबली, हा आरोप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो करणाऱ्यांत खुद्द लाइफसन आहे. कीबोर्डचे थर आधी चढत आणि उरलेल्या फटीत गिटारला जागा शोधावी लागे, ही आपली कुचंबणा त्याने पुढे अनेकदा मोकळेपणाने सांगितली. ‘सिग्नल्स’ ऐकताना ती कुचंबणा कानाला जाणवते. गिटार शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखी येते. माणसाने स्वतःच तक्रार केल्यावर तिला खोटे ठरवण्याचा उद्धटपणा करू नये. पण तक्रार नेमकी कशाबद्दल, हे विचारायला हवे. गाण्यांच्या रचनेत गिटारला काम नव्हते की ध्वनिमिश्रणात तिचा आवाज खाली ठेवला गेला? याचा पुरावा दोन व्हिडिओ शेजारी ठेवले की मिळतो. ‘मॅरेथॉन’ १९८८ च्या बर्मिंगहॅममध्ये आहे आणि २०११ च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलंडला चित्रित झालेल्या ‘टाइम मशीन’मध्येही आहे. गाणे तेच, बांधणी तीच, समूहगानाचे तुकडे त्याच जागी. क्लीव्हलंडच्या मैफलीत मात्र गिटार पुढे आहे, जाड आहे, मोकळी आहे, आणि गाणे एकदम रुंद होते. रचनेतच गिटारला जागा नसती तर तेवीस वर्षांनी ती आली कुठून? जागा होती, आवाजाचा तोल चुकला होता. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी. कीबोर्डने मधली जागा व्यापल्यावर लाइफसनने जड, भरगच्च वादन सोडून सुटे सूर, लांब घुमणारे विरळ स्वरमेळ आणि झटकन येऊन जाणारे कोरडे फटकारे यांची एक नवी बोली घडवली. ‘मिडलटाउन ड्रीम्स’ किंवा ‘डिस्टंट अर्ली वॉर्निंग’मध्ये त्याचा हात पाहा. तो कमी वाजवतो आणि प्रत्येक फटकाऱ्यानंतर ऐकतो. सत्तरच्या दशकातला लाइफसन मला आवडतो, पण ऐंशीच्या दशकातला जास्त विचारी वादक आहे. अडचणीने त्याला तसे केले, आणि त्याला ती अडचण आवडली नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

राहतो तो काळाचा शिक्का. ऐंशीच्या दशकातले सिंथेसायझर दोन सेकंदांत आपले वय सांगतात, असे म्हटले जाते. सांगतात, यात शंका नाही. पण ‘रेड सेक्टर ए’कडे परत जाऊ. लीची आई नाझी छळछावण्यांतून वाचलेली होती. १९४५ च्या एप्रिलमध्ये बर्गन-बेल्सनची छावणी मुक्त झाली तेव्हा तिला सुटका खरी वाटली नाही, कारण बाहेर माणसांचे जग शिल्लक असते तर त्याने हे होऊ दिले नसते, अशी तिची समजूत झाली होती. लीने ही आठवण पीअर्टला सांगितली आणि तिच्यातून हे गाणे आले. पीअर्टने त्यात स्थळकाळ उघड केला नाही, म्हणून ते कोणत्याही छावणीचे गाणे होऊ शकते. आता त्याला कोणता आवाज शोभेल? तारांवर ऊबदार घासलेला सूर, की न थकता, न थांबता, कोणाची दया न करता फिरत राहणारी यंत्राची माळ? इथे सिंथेसायझरचा गारठा हा दोष राहत नाही, गाण्याचा अर्थच तो आहे. बास गिटार बाजूला ठेवण्याचा निर्णयही त्यातलाच. बोटांनी छेडलेल्या तारेत जो माणसाचा स्पर्श असतो तो इथे नको होता. ते ज्यात आहे त्या ‘ग्रेस अंडर प्रेशर’वर पूर्वसूचनेच्या रडारची आणि अणुयुद्धाच्या भीतीची सावली आहे, आणि ‘पॉवर विंडोज’मधले ‘मॅनहॅटन प्रोजेक्ट’ तर थेट अणुबाँबच्या जन्माची गोष्ट सांगते. शीतयुद्धाच्या छायेत लिहिलेल्या या शब्दांना त्या काळचाच आवाज मिळाला. योगायोगाने याची उलट तपासणीही करता येते. २०१२ च्या ‘क्लॉकवर्क एंजल्स’ दौऱ्यात रशने पहिल्यांदाच बाहेरचे वादक मंचावर घेतले, व्हायोलिन आणि चेलोंचा छोटा ताफा. त्या ताफ्यासह ‘रेड सेक्टर ए’ही वाजवले गेले आणि चित्रित झाले. ते भव्य आहे, डोळ्यांत पाणी आणणारे आहे. तरी १९८४ चेच अधिक खरे वाटते. व्हायोलिन आली की कोणीतरी आपल्यासाठी शोक करत आहे असा दिलासा मिळतो, आणि मूळ गाण्यात हाच दिलासा नाकारलेला आहे.

व्हिडिओवर एवढा विश्वास टाकावा का, असेही कोणी विचारील, आणि विचारायलाच हवे. मैफलीचा व्हिडिओ संपादकाच्या टेबलावर तयार होतो. ‘एक्झिट... स्टेज लेफ्ट’मध्ये गाण्यांच्या मधे वादकांचे बोलणे घातलेले आहे. ऐंशीच्या दशकातल्या या कॅसेटमध्ये पूर्ण मैफल आली नाही, काही गाणी गाळली गेली. शिवाय कॅमेऱ्याला चेहरे आवडतात. पाय ज्या क्षणी काम करत असतात नेमक्या त्या क्षणी चित्र लाइफसनच्या केसांवर असते, हे या तिन्ही जुन्या व्हिडिओंत वारंवार होते आणि त्याचा राग येतो. तरीही एक गोष्ट संपादकाला लपवता येत नाही किंवा घडवताही येत नाही. मंचावर किती माणसे आहेत ही ती गोष्ट. दूरच्या दृश्यात तीन दिसतात आणि तेवढ्या संख्येवर माझा सगळा युक्तिवाद उभा आहे.

या वाटेला मर्यादा होती, आणि ती बँडला चाहत्यांच्या आधी कळली असावी. ‘होल्ड युअर फायर’मध्ये थर इतके झाले की श्वास घ्यायला फट उरली नाही. त्यातली निम्मी गाणी मला आजही जड वाटतात. १९८९ च्या ‘प्रेस्टो’पासून कीबोर्ड मागे सरू लागले. १९९७ मध्ये पीअर्टची मुलगी अपघातात गेली, पुढच्या वर्षी पत्नी कर्करोगाने गेली, आणि बँड थांबला. २००२ मध्ये तिघे परत आले ते ‘व्हेपर ट्रेल्स’ घेऊन. १९७५ नंतर सिंथेसायझर अजिबात नसलेला हा त्यांचा पहिला अल्बम. सिंथेसायझरचा काळ ही त्यांनाच चूक वाटत असती तर ती पुसून टाकण्याची संधी याहून चांगली कोणती असती? पण त्याच अल्बमच्या दौऱ्यात २३ नोव्हेंबरला रिओच्या माराकाना स्टेडियमवर सुमारे ४० हजार लोकांपुढे झालेल्या मैफलीचा व्हिडिओ पाहा. कीबोर्ड लीच्या पुढ्यात उभे आहेत. ‘डिस्टंट अर्ली वॉर्निंग’ आहे, ‘द बिग मनी’ आहे, ‘रेड सेक्टर ए’ आहे. लीच्या मागे ॲम्प्लिफायरऐवजी कपडे वाळवायची तीन यंत्रे फिरत आहेत, कारण त्याचा आवाज थेट ध्वनियंत्रणेत जात असल्याने मागची जागा रिकामी पडली होती. पावसाने तयारीचा वेळ खाल्लेला, ध्वनिचाचणीही झाली नव्हती, त्यामुळे आवाज खडबडीत आहे आणि लोकांचा गजर वाद्यांच्या वर जातो. ‘वायवायझेड’ या शब्दच नसलेल्या तुकड्यावर ते हजारो लोक सूर गात उड्या मारतात. टोरंटो विमानतळाचे ते सांकेतिक नाव मोर्सच्या कडकट्टमध्ये बांधून केलेली ही पाच मात्रांची लय आहे. २०१५ च्या निरोपाच्या दौऱ्यात ‘पॉवर विंडोज’ आणि ‘होल्ड युअर फायर’मधले एकही गाणे नव्हते, याकडे टीकाकार बोट दाखवतात. त्यांनी तीन वर्षे मागे जावे. ‘क्लॉकवर्क एंजल्स’च्या दौऱ्यात एकट्या ‘पॉवर विंडोज’मधली पाच गाणी आलटून पालटून वाजत होती. आणि निरोपाच्या त्या दौऱ्यात मैफलीचा पूर्वार्ध संपत होता तो ‘सबडिव्हिजन्स’वर.

पीअर्ट जानेवारी २०२० मध्ये गेला. हे तिघे पुन्हा एकत्र वाजवणार नाहीत, त्यामुळे जे पाहायचे ते आता चित्रफितींतच. ऐंशीच्या दशकातले तीनही व्हिडिओ २००६ मध्ये ‘रिप्ले एक्स थ्री’ या नावाने एकत्र डीव्हीडीवर आले. ज्यांना एवढा वेळ नाही त्यांनी एकच गाणे चार वेळा पाहावे. ‘रेड सेक्टर ए’ हे ते गाणे. १९८४ चे टोरंटो, १९८८ चे बर्मिंगहॅम, २००२ चे रिओ आणि २०१२ च्या दौऱ्यातले व्हायोलिनच्या ताफ्यासह. पहिल्यांदा नेहमीसारखे ऐका. दुसऱ्यांदा पाहताना चेहरे सोडून द्या आणि कॅमेरा खाली जाईल तेव्हा लीचे पाय पाहा.